पुजलेला फोन

खंडेनवमीला बंदर कचेरीतली पूजा शिपाई दाजीची बायको जानकी करायची. नवरात्राचे उपास चालले होते, तरी पहाटेच ती आली. यंदा तराजू, कुलपांच्या शेजारी नवा टेलिफोनही होता. तिने त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

सरकारने पैसा ओतून टेलिफोनचे खांब पुरले होते. वादळाची खबर आता घटकेत येणार म्हणून तार घेऊन धावणाऱ्या बाबलीचं कामच बंद झालं होतं.

फोन वाजायला लागला.

"वाजूंदे, वयनी," कारकून गुरुदास म्हणाला. "पुजलेल्या वस्तूक आज हात लावूचो नाय. सणाचो कोणी गजाली-गप्पा करूक बसलो आसतलो."

"त्याकाय एक दिवस विसावो नको?" जानकीने हात जोडले.

इतक्यात तिचा भाऊ लवू दारात आला. त्याचा पडाव नारळ भरून वेंगुर्ल्याला निघाला होता. जाण्यापूर्वी कचेरीसमोरच्या काठीकडे पाहायचं, ही त्याची रीत. धोक्याचा बावटा नसला की शीड उभारायचं.

"काठी मोकळी आसा, आक्का. जातंय मी."

"जा. आणि फाटी वळान बघू नको," ती नेहमीसारखी म्हणाली. निघाल्यावर मागे पाहिलं की समुद्र ओढतो, हे तिनेच त्याला लहानपणी शिकवलेलं.

"जुनाच तुझा," लवू हसला. "खीर माका ठेव."

तो गेला. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. गुरुदास खिडकीशी सुपारी कातरत बसला. वारा फिरला तसं जानकीचं लक्ष बाहेर गेलं. दक्षिणेकडे आभाळ तांब्याच्या हंड्यासारखं झालं होतं आणि खडकाबाहेर लवूचं शीड दिसत होतं.

फोन परत खणाणला. या वेळी तिने माळ बाजूला सारली.

"वयनी, काय करतास?"

तिने चोंगा कानाला लावला. कुंकू गालाला लागलं.

"मालवण बंदर?" पलीकडचा माणूस घसा बसलेल्या आवाजात बोलत होता. "सकाळपासून फोन लावतोय. तिथे माणसं आहेत की नाही? मोठं वादळ येतंय. बावटा चढवा. एकही होडी सोडू नका."

जानकीने खिडकीबाहेरच्या काठीकडे बोट दाखवलं. गुरुदासने तिचा चेहरा पाहिला आणि सुपारी तिथेच टाकून बाहेर पळाला. त्याने दोरी ओढली. काठीवर काळा बावटा चढला. धक्क्यावरचे लोक शिट्ट्या घालू लागले, कोणी धोतर फडकवलं.

जानकी खिडकीतून पाहत राहिली. एकदा, फक्त एकदा मान वळवली असती लवूने. पण शीड सरळच चाललं होतं. बहिणीचं ऐकणारा भाऊ तो.

तिच्या हातातला चोंगा अजून विचारत होता, "हॅलो? ऐकलंत ना?"

"ऐकला," ती म्हणाली.