उभ्याची आडवी

माणूस खोटं बोलेल, कागदही खोटा निघेल, पण आकडा कधी खोटं बोलत नाही. रुग्णालयाच्या सांख्यिकी विभागात शिरताना समोरच्या भिंतीवर हे वाक्य ठळक अक्षरांत दिसे. त्याच्याच खाली ‘मळक्या चादरी इथे टाका’ असंही लिहिलेलं होतं. विभाग येण्याआधी तिथे धुलाईची खोली होती, आणि नवं वाक्य लिहिणाऱ्या रंगाऱ्याला जुनं पुसायला कुणी सांगितलं नव्हतं.

या खोलीत आकडेबाई बसत. त्यांचं काम म्हणजे उभ्याची आडवी करणं. कक्षात कुणाला जंतुसंसर्ग झाला की तिथून एक फॉर्म येई. नाही झाला तर येत नसे. महिन्याचे फॉर्म मोजून डेटाबेसमध्ये एक ओळ पडे: महिना, कक्ष, किती. अशा ओळी एकाखाली एक, मारुतीच्या शेपटासारख्या वाढत जात. साहेबलोकांना इतकं खाली वाचत जायचा कंटाळा. म्हणून आकडेबाईंची क्रॉसटॅब क्वेरी त्या यादीचा तक्ता करून देई. डाव्या हाताला महिने, डोक्यावर पुरुष, महिला, बाल, शस्त्रक्रिया असे चार कक्ष, आणि चौकटींत आकडे. सगळं रुग्णालय या तक्त्याला ‘आडवी’ म्हणे. “बाई, आडवी झाली का?” असं हेडक्लार्कने वऱ्हांड्यातून विचारलं की बाकावरचे नवे रुग्ण दचकत.

आज बारा वाजता संसर्ग समितीची बैठक होती आणि आडवी सकाळीच वर गेली होती. सहा महिन्यांत पुरुष कक्ष अकरा, महिला नऊ, बाल एकोणीस. शस्त्रक्रियेचा रकाना अगदी कोरा. तिथल्या प्रमुख सर्जनना सर्वात स्वच्छ कक्षाची ढाल गेल्याच आठवड्यात मिळाली होती. आणि बालकक्षाच्या इन्चार्ज सिस्टरला तिथून उचलून भांडारात पाठवायचा आदेश टाइप होऊन तयार होता. फक्त सही व्हायची होती.

ही इन्चार्ज सिस्टर म्हणजे आकडेबाईंची थोरली नणंद.

घरी ती त्यांना ‘अगं’ म्हणे. रुग्णालयात मात्र ‘वहिनीबाई’ आणि अहो-जाहो. त्या अहो-जाहोची घरात सगळ्यांना भीती वाटे. साडेअकराला ती दारात येऊन उभी राहिली.

“वहिनीबाई, एक विचारू? सहा महिन्यांत माझ्या वॉर्डातून तुम्हाला किती फॉर्म आले?”

“बघावं लागेल, ताई.”

“बघू नका. मी सांगते. एकही नाही. लोकांचे हात धुवून घेऊन घेऊन वाईट म्हणवून घेतलंय मी. मग हे एकोणीस आले कुठून? तुमच्या माहेरून?”

आकडेबाईंनी मूळची उभी यादी उघडली. मार्च: पुरुष दोन, महिला एक, शस्त्रक्रिया चार. बालकक्षाची ओळच नाही. मग आडवी उघडली. मार्च: दोन, एक, चार, आणि शेवटी कोरं. सर्जनचे चार जण बालकक्षाच्या चौकटीत जाऊन बसले होते. एप्रिलमध्ये तेच. मेमध्येही तेच.

क्वेरीला कक्षांची नावं ठाऊकच नव्हती. महिन्याचे आकडे हातात घेऊन ती डावीकडून चौकटी भरत सुटे. मधला कुणी आला नाही की पुढचा सरकून त्याच्या जागी. रकान्यांची यादी तिला वेगळी लिहून द्यावी लागते. तीन वर्षांपूर्वी, जेवायची सुट्टी व्हायला पाच मिनिटं असताना, आकडेबाईंनी ती दिली नव्हती. तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक कक्षात कुणी ना कुणी आजारी पडत राहिलं, म्हणून सगळं बरोबर दिसत आलं. नणंदेने वॉर्ड चकाचक केला आणि घोटाळा झाला.

“माझी चूक आहे, ताई,” त्या म्हणाल्या.

“मग जा वर आणि सांगा.”

सांगणं सोपं नव्हतं. सकाळच्या तक्त्यावर रुग्णालय म्हणणार, वहिनीने डाव साधला. आता बदलला तर म्हणणार, वहिनीने घरचं माणूस वाचवलं. शिवाय आकडेबाईंची नेमणूक वर्षावर्षाची होती, आणि हे वर्ष पुढच्या महिन्यात संपत होतं. घड्याळात बाराला पाच कमी होते.

त्या जिना चढून वर पोचल्या तेव्हा मोठ्या साहेबांनी पेनचं टोपण काढलेलं होतं.

“साहेब, सही थांबवा. तक्ता चुकलाय. ते एकोणीस बालकक्षाचे नाहीत, शस्त्रक्रियेचे आहेत.”

पेन हवेत राहिलं. हेडक्लार्क इतिवृत्त लिहीत होता, तोही थांबला.

“असं का?” सर्जन शांतपणे म्हणाले. “सकाळी बरोबर होता, आत्ता चुकला. बालकक्षाच्या सिस्टर तुमच्या कोण, बाई?”

“नणंद.”

“झालं तर मग.”

कुणीतरी खाकरलं. साहेब कागदाकडे बघत म्हणाले, “बाई, पुरावा काय? संगणकाचं मला सांगू नका, मला त्यातलं कळत नाही.”

संगणकाशिवाय आकडेबाईंना काहीच सांगता येत नव्हतं; मोजून झालेले फॉर्म रद्दीत जात. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलाला स्क्रूने पाट्या बसवलेल्या होत्या: पुरुष कक्ष, महिला कक्ष, बालकक्ष, शस्त्रक्रिया कक्ष. बालकक्षाचे डॉक्टर रजेवर होते. पंखा टेबलाच्या मधोमध होता, शेवटच्या खुर्चीला वारा लागत नसे.

“डॉक्टर,” त्या सर्जनना म्हणाल्या, “तुमच्या पुढची पाटी जरा वाचता का?”

“कशाला?”

“वाचा ना.”

सर्जननी नुसतं खाली पाहिलं. मोठ्या साहेबांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं. “बालकक्ष.”

“बालकक्षाचं कुणी आलं नाही, म्हणून डॉक्टर सरकले आणि त्यांची खुर्ची रिकामी राहिली. माझ्या तक्त्यात हेच झालं. पाटी बघून मोजलं तर आत्ता इथे बालकक्ष हजर आहे.”

साहेबांनी पेनला टोपण लावलं, आदेश मधोमध फाडला आणि म्हणाले, “शस्त्रक्रिया कक्षाची चौकशी करा.” सर्जन पंख्याखालून हलले नाहीत.

नणंद जिन्याच्या तळाशी उभी होती. तिने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“अगं, घाम पूस,” ती म्हणाली, आणि वॉर्डात निघून गेली.

आकडेबाईंनी रकान्यांची यादी लिहून क्वेरी दुरुस्त केली. त्यांची नेमणूक आणखी एक वर्ष वाढली.

बैठकीचं इतिवृत्त चौथ्या दिवशी फिरलं. हेडक्लार्क हजेरी नेहमी पाट्या बघून लिहितो. त्यात बालकक्षाचे प्रमुख उपस्थित होते आणि शस्त्रक्रिया कक्षाचे प्रमुख गैरहजर. संबंधित प्रमुख गैरहजर असल्याने त्यांच्या कक्षाच्या चौकशीचा विषय तहकूब ठेवण्यात आला आहे.