अडीचशे तासांचा माणूस

कंपनीकडे विमानं तीन होती आणि वैमानिक टिकत नव्हते. माल वाहायचा, म्हणजे ताजी फुलं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग. कुणी खिडकीची जागा मागत नाही, कुणी पाणी मागत नाही. पण वैमानिकांच्या गाठीला जरा अनुभव जमला, की प्रवासी कंपनीचं बोलावणं यायचं आणि माणूस निरोपाचा केक कापून मोकळा व्हायचा.

नोकरीसाठी अट होती पंधराशे तास उड्डाणाची. ती घातली होती कॅप्टनबाईंनी. वैमानिकांचं प्रशिक्षण त्यांच्याकडे. वय चौपन्न, बारा हजार तास हवेत काढलेले, आणि जमिनीवर बोलतानाही समोरच्याला पट्टा बांधून बसावंसं वाटेल असा आवाज. माणसं मिळेनात तेव्हा अट पहिल्या बैठकीत हजारावर आली, दुसऱ्या बैठकीत सातशेवर. तिसऱ्या बैठकीत चहा यायच्या आत नोकरभरतीच्या साहेबांनी थेट अडीचशेचा आकडा टाकला.

"अडीचशे तासांत नुसता परवाना हातात येतो," कॅप्टनबाई म्हणाल्या.

"मग परवाना असतो ना!" साहेब खुशीत म्हणाले.

मालकांनी मध्यस्थी केली. "अहो बाई, आपण माणसं नेतो का? खोकी नेतो. खोकी काय ओरडणार आहेत?"

"खोकी नाही ओरडणार. ज्यांच्या छपरांवरून जातो, ते ओरडतील."

साहेबांनी बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं, 'ध्वनिप्रदूषणाबाबत चर्चा झाली.' आणि जाहिरात निघाली: अनुभवापेक्षा वृत्ती महत्त्वाची.

मुलाखतीला जे आले, त्यांत एक मालकीणबाईंचा भाचा होता. सख्ख्या भावाचा मुलगा, तेवीस वर्षांचा, घरात सगळे सोन्या म्हणायचे. तास दोनशे साठ, म्हणजे अटीपेक्षा दहा जास्तच! मालकांनी त्याला ओळख दाखवली नाही, फक्त खुर्ची स्वतः सरकवून दिली. साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" पोरगा भाबडेपणानं म्हणाला, "प्रवासी विमानात." साहेबांनी लिहिलं, 'महत्त्वाकांक्षी.'

कॅप्टनबाईंची पाळी आली. "एक इंजिन बंद पडलंय. ढग खाली उतरलेत. दुसरा विमानतळ पाऊण तासावर आहे. काय करशील?"

"कॅप्टनना विचारीन."

"आणि कॅप्टन तुझ्या तोंडाकडे बघत असेल तर?"

"मग घाबरेन, मॅडम."

कॅप्टनबाईंनी लिहिलं, 'प्रामाणिक आहे. इतक्यात घेऊ नये.' साहेबांनी पहिलं वाक्य मोठ्यांदा वाचलं आणि फाइल मिटली.

नियमाप्रमाणे सोन्यानं चाळीस उड्डाणं प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली केली. बरीचशी कॅप्टनबाईंच्याच शेजारी. शांत हवेत पोराचा हात छान होता. पण धावपट्टीवर आडवा वारा असला, की विमान एकीकडे आणि हा दुसरीकडे. चाळिसाव्या उड्डाणाला उतरताना त्यांना दोन्ही हातांनी विमान स्वतःकडे घ्यावं लागलं. खाली उतरल्यावर सोन्या घामानं थबथबला होता.

"मॅडम, अजून वीस उड्डाणं तरी तुमच्याबरोबर द्या. मला जमत नाहीये."

"तसंच लिहिते."

तसंच लिहिलं. दुपारीच मालकांनी बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही फार ताणता. वेळापत्रक अडलंय. आणि मला रोज संध्याकाळी घरी जायचं असतं हो!" सोन्याच्या सुटकेच्या कागदावर बाईंनी सही केली नाही. मग ती उड्डाण विभागाच्या व्यवस्थापकांकडून करवून घेतली. त्यांनी ती इतकी बारीक केली, की पुढेमागे चौकशी झालीच तर भिंग लागावं. सोन्या देखरेखीतून सुटला.

पुढच्याच महिन्यात मालकांवर वेळ आली. लांबच्या शहरात फुलांच्या मोठ्या बागायतदाराशी करार व्हायचा होता, आणि प्रवासी विमान ऐनवेळी रद्द झालं. त्याच शहराला कंपनीचं विमान दुपारी दोनला जाणार होतं. वैमानिकांच्या मागे एक जादा खुर्ची असते. मालकीणबाई त्यांना सोडायला थेट हँगरमध्ये आल्या.

कॅप्टनबाई नुकत्याच उड्डाण संपवून कागद भरत होत्या.

"आज कोण नेतंय?" मालकांनी वेळापत्रकाच्या कारकुनाला विचारलं.

"मागच्या मंगळवारी कॅप्टन झालेले आहेत ना, ते. आणि शेजारी आपले सोन्यासाहेब."

"अगंबाई, सोन्या!" मालकीणबाई हरखल्या. "घरचाच माणूस!"

मालक हरखले नाहीत. "तिकडे हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं. कंपनी काढल्यापासून हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा.

"ढग खाली आहेत. वारा आडवा."

"आणि यांचे तास किती?"

"कॅप्टनचे नऊशे चाळीस. सोन्यासाहेबांचे तीनशे पन्नास."

मालक जवळच्या खोक्यावर बसले. मग कॅप्टनबाईंकडे वळले. "तुम्हीच चला ना."

"माझी आजची कामाची वेळ संपली. आता विश्रांतीशिवाय मला उडता येत नाही. कायदा आहे."

"थोडं इकडेतिकडे..."

"अट तुम्ही ठरवता. कायदा तुम्ही नाही ठरवत."

"मग मी आपला गाडीनं जातो," मालक उठत म्हणाले. "पाठीला जरा चालणंबिलणं हवंच."

"गाडीत कुठलं चालणं?" मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे माझ्या भाच्याच्या हाती खोकी चालतात, आणि तुम्ही नाही? माझ्या माहेरचा म्हणून ना?"

"तसं नाही गं."

"मग कसं? नीट सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

तेवढ्यात सोन्या गणवेशात आला. काय झालंय ते त्याला चेहऱ्यांवरून कळलं. तो आत्याजवळ गेला. "आत्या, त्यांना बोलू नकोस. त्यांच्या जागी असतो तर मीही बसलो नसतो." मग जरा थांबून म्हणाला, "खरं म्हणजे मी माझ्याही जागी बसू नये. मॅडमनी लिहून दिलं होतं."

"काय लिहून दिलं होतं?" आत्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता.

त्याच्या मागून आलेले नवे कॅप्टन पुढे झाले. "मलाही आज या हवेत शेजारी कुणीतरी मुरलेलं हवंय," ते म्हणाले. "नाहीतर मी नेणार नाही."

विमान दुसऱ्या दिवसापर्यंत उभं राहिलं. मालक अकरा तास गाडीत बसून गेले. मालकीणबाई सोडायला रस्त्यापर्यंतही आल्या नाहीत.

चार दिवसांनी परिपत्रक निघालं: विमानात मालाव्यतिरिक्त अन्य व्यक्ती असल्यास वैमानिकांचा अनुभव किमान पंधराशे तास; अन्यथा अडीचशे. कॅप्टनबाई तो कागद घेऊन साहेबांकडे गेल्या.

"पुढच्या दोन खुर्च्यांवर बसतात, ते कशात धरायचे? मालात की व्यक्तींत?"

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "मॅडम, परिपत्रक तेवढं खोलात जात नाही."

बाईंचा राजीनामा त्या दिवशी लिहून तयार होता. पण तो द्यायच्या आधी मालकीणबाईंचा फोन आला. "बाई, माझा सोन्या तुमच्याशेजारीच बसेल. तुम्ही पुरे म्हणेपर्यंत. मी ह्यांना सांगितलंय." तीन बैठका आणि एक परिपत्रक यांना जे जमलं नाही, ते एका घरच्या जेवणात उरकलं होतं. कॅप्टनबाईंना हसू आलं, आणि स्वतःच्या बारा हजार तासांची थोडी लाजही वाटली. इतक्या वर्षांत हा रस्ता सुचलाच नव्हता.

सोन्या त्यांच्याबरोबर आणखी पस्तीस वेळा उडाला. शेवटच्या खेपेला विमानाच्या पोटात गुलाब होते. उतरताना वारा फिरला, विमान एका अंगाला सरकलं. बाईंनी हात मांडीवरच ठेवले. सोन्यानं इंजिनांना जोर दिला, विमान पुन्हा वर घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "इथे नको. दुसरीकडे जाऊ."

"चल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या विमानतळावर गुलाब सहा तास पडून राहिले आणि सुकले. भरतीच्या साहेबांनी सोन्याला कारणे दाखवा नोटीस काढली. त्याच दुपारी कॅप्टनबाईंनी त्याच्या देखरेखीतून सुटकेच्या कागदावर सही केली, चांगली ठसठशीत, लांबून वाचता येईल अशी. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लागले, एकाच तारखेचे.