पिस्तुलात सात खोडी

माझ्या बहिणीकडं पिस्तुलाचं लायसन आहे, पिस्तूल नाही. लायसनच्या पुस्तकात शस्त्राचा नंबर लिहायला एक रकाना असतो. दीक्षाचा रकाना चौदा महिन्यांपासून कोरा आहे. अधूनमधून ती पुस्तक उघडून बघते. आपोआप काही उमटलं असेल तर, म्हणून.

दीक्षा नेमबाज आहे. वसमतला मोंढ्यामागं, म्हणजे शेतमालाच्या बाजारामागं, हळदीचं एक जुनं गोदाम आहे, तिथं आमच्या क्लबची रेंज आहे. दहा मीटरची, छर्ऱ्याच्या पिस्तुलांची. टार्गेटं पांढरी येतात आणि आठवड्यात पिवळी होतात. पुण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा पांढरं टार्गेट बघून दीक्षाला वाटलं होतं की आपण चुकीच्या खोलीत आलो.

पण तिचा जीव अडकला होता पंचवीस मीटरमध्ये. तिथं खरं पिस्तूल लागतं, पाच गोळ्यांचं, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे गोळी सुटली की दुसरी आपली आपण चढते, पण घोडा दर वेळी तुम्हीच दाबायचा. आमच्या घरच्या पाण्याच्या मोटारीसारखं. ती बंद आपोआप होते, चालू करायला मला उठावं लागतं.

पंचवीस मीटरच्या तीन स्पर्धा दीक्षा खेळली, तिन्ही उसन्या पिस्तुलांवर. असल्या पिस्तुलाची लाकडी मूठ मालकाच्या हाताप्रमाणे घासलेली असते. एक मूठ नांदेडच्या डॉक्टरच्या हाताची होती, एक कुठल्याशा फौजदाराच्या. दुसऱ्याच्या चपला घालून पळायचं आणि पळताना हसायचंही नाही, असा तो खेळ. तरी तिचा नंबर एकदा सहावा आला. पिस्तूल परत करताना ती ते रुमालानं पुसायची, आणि पुढं दोन दिवस कमी बोलायची.

नवीन जर्मन पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. आवाक्यातलं एकच सापडलं: परभणीच्या यास्मीन मॅडमचं. इटलीचं, साधं, जर्मनच्या निम्म्या भावाचं. मॅडम एके काळी राज्याकडून खेळल्या होत्या, आता शाळेत गणित शिकवतात. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी सहा वर्षं नेम धरला नव्हता. विकायचंय, या बघायला, म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, नको, मीच आणते.

मी तयारीला लागलो. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं कुठल्याही वस्तूबद्दल आपल्याला कळतं असा माझा समज आहे. त्या मॉडेलचे एकतीस व्हिडिओ बघितले. सगळ्यांत एक दाढीवाला गोरा माणूस रानात उभा राहून टरबूज फोडत होता. दीक्षाला टरबुजांशी काही वैर नव्हतं. तरी मी तक्ता केला: मूठ, घोडा, वजन, टिकाऊपणा, प्रत्येकी दहापैकी गुण.

आमच्या आईची, जनकाबाईंची, शंका वेगळी होती. “पंचशील घेतलेलं घर हाय आपलं. घरात बंदूक काहून?”

“आई, कागदाला मारायचंय. कागदात जीव नसतो.”

आईनं विचार केला. “मग पालीवर धरू नको,” म्हणाली. परवानगी मिळाली.

रविवारी दहा वाजता मॅडम स्वतः गाडी चालवत आल्या. चष्मा, सुती ओढणी, डाव्या हातात कुलपाची काळी पेटी. गोदामात मी, दीक्षा आणि आमचे बाबा. बाबांना दीक्षानंच बोलावलं होतं, कारण माल पारखण्यात वसमतच्या मोंढ्यात पुंजाजींचा हात धरणारा कोणी नाही. एका व्यापाऱ्याकडं ते तीस वर्षं हळद बघतात. ढिगात हात घालायचा, हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, दाताखाली धरायचं.

मॅडमनी पेटी उघडली. मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, पिस्तूल रिकामं आहे हे आम्हा तिघांना एकेक करून दाखवलं, आणि ते दीक्षाच्या हातात दिलं. गोळी झाडायची नव्हतीच, तिथं परवानगी नाही. नुसतं धरून बघायचं, घोडा दाबून बघायचा.

दीक्षानं ते धरलं. मूठ बसवली. डोळे मिटले, हात वर नेला, थांबली. मग डोळे उघडले. मी बाजूनं बघत होतो. हात जिथं थांबला होता तिथंच टार्गेटचं काळं वर्तुळ होतं.

“मॅडम, तुमचा हात केवढा आहे?” तिनं विचारलं.

मॅडमनी पंजा पुढं केला. दीक्षानं आपला त्याला लावला. बोटाला बोट बराबर.

मग तिनं घोडा दाबला. टिक्. परत टिक्. मी तक्ता काढला. “दादा, लिहू नको,” ती म्हणाली. टिक्. खरंच, काय लिहिणार? साधारण चाळीस वेळा ते टिक् झालं, आणि प्रत्येक ‘टिक्’नंतर मॅडमचं उजवं बोट ओढणीच्या काठावर किंचित वाकत होतं.

“आता मी बघतो,” बाबा म्हणाले.

आधी त्यांनी ते हळदीच्या काट्यावर ठेवलं. एक किलो ऐंशी ग्रॅम. मग वास घेतला. दाताखाली धरतील म्हणून मी एक पाऊल पुढं झालो, पण तेवढं त्यांनी टाळलं.

“मुठीचं लाकूड काळं पडलं की वो.”

“घामानं पडतं,” मॅडम म्हणाल्या.

“आन् हे काय, खरचटलंय हितं. तोंडाकडं जड लागून राहिलं. तेलाचा वास येतो. परदेशी माल, उद्या स्प्रिंग तुटली तर काय इटलीला येरझारा घालाव का? मॅगझीन एकच?”

“दोन आहेत.”

“दोनच!” बाबांनी मान हलवली. मग पेटी उलटसुलट केली. “कुलूप बी ढिलं हाय.”

माझा आनंद गगनात मावेना. मोंढ्याची रीत अशी आहे की आवडलेल्या मालाला नावं ठेवायची. जितकी नावं जास्त, तितकी पसंती पक्की. मग विकणारा भांडतो, आपल्या मालाची बाजू घेतो, आणि भांडण रंगलं की सौदा झाला. बाबा ज्या ढिगाला ‘छान हाय’ म्हणून पुढं जातात, त्याचा शेतकरी तिथंच डोक्याला हात लावून बसतो. आईला बघायला गेले तेव्हा त्यांनी नऊ खोडी काढल्या होत्या, आई अजून मोजून दाखवते. मी मोजत होतो. सात. गुपचूप आईला मेसेज केला: ‘सात काढल्या. जमलं.’ तिचं उत्तर आलं: ‘शिरा टाकते.’

मॅडमनी पिस्तूल बाबांच्या हातून घेतलं, फडक्यानं पुसलं, पेटीत ठेवलं. मॅगझिनं ठेवली. ढिलं कुलूप दोनदा दाबून लावलं.

बाबा वाट बघत राहिले. भांडण यायचं होतं, ते येईना.

“मॅडम, बोला की काही.”

“काय बोलू, पुंजाजीभाऊ? सगळं खरंच आहे.”

बाबांचा चेहरा पडला. तीस वर्षांत असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. “आवो, तसं न्हाई! ही आमची बोलायची पद्धत हाय. एक नंबर माल हाय तुमचा. म्या तर उलटं...” पुढं त्यांना येईना. कौतुक करायची सवयच नव्हती. “पेम्या, सांग की यांना!”

मी सांगितलं. मोंढा, हळद, रीत, आईच्या नऊ खोडी, सगळं. मॅडम हसल्या. हसल्या म्हणून मला वाटलं, सावरलं.

“मला पाहिजे, मॅडम,” दीक्षा म्हणाली. तिचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. “खोड काहीच नाही त्यात.”

मॅडमनी पेटीवर हात ठेवला.

“बेटा, तकलीफ वेगळीच झाली. हे एकेक खोड काढून राहिले, आन् मी मनात एकेकाला जवाब देऊन राहिले. ते लाकूड काळं पडलं ते सोलापूरच्या फायनलला. खरचटलं, ते मी जिंकल्यावर हातातून पेटी सुटली तेव्हा. तोंडाकडं जड आहे म्हणून तर माझा हात थरथरत नव्हता. सातही जवाब तयार होते. घरून निघाले तेव्हा मला वाटलं होतं की मी सोडलंय.”

‘मग बोला ना मोठ्यानं, आमी ऐकतो,’ असं बाबा म्हणाले असते, पण त्यांनाही कळलं की हा माल आता विकाऊ राहिला नाही.

“तुझा हात चांगला आहे,” मॅडम दीक्षाला म्हणाल्या. “तुला दुसरं भेटेल.”

“व्हय,” दीक्षा म्हणाली.

तिनं पेटी गाडीपर्यंत नेऊन दिली. मॅडमनी ती मागं न ठेवता शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. गाडी मोंढ्याच्या फाटकातून परभणी रोडला लागली. बाबा फाटकापर्यंत चालत गेले, तिथंच उभे राहिले, आणि मग काही कारण नसताना एका पोत्यात हात घालून हळकुंड मोडलं.

आईला काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. शिरा झाला असणार.

“चल,” मी मोटारसायकल काढली. दीक्षा मागं बसली. एरवी ती दोन्ही हातांनी माझे खांदे धरते. त्या दिवशी डाव्या हातानंच धरलं. आरशात बघितलं, तर उजवा हात तिनं मांडीवर ठेवला होता. बोटं अर्धी मिटलेली, मधे एका मुठीची जागा सोडून. उघडत नव्हती, पूर्ण मिटतही नव्हती.

रस्त्यात खड्डे आहेत. मी गाडी हळू चालवली.