काट्यावरची पार्सलताई

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजी तोलणारा नव्हे, माणसं तोलणारा. बायकांच्या एका दवाखान्यात, बसायचा बाक आणि डॉक्टरबाईंची खोली यांच्या मधल्या भिंतीला लागून मी उभा असतो. पायाशी लोखंडी पाटा, मागे माणसाएवढा खांब, वर आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारी दोन वजनं, एक मोठं आणि एक छोटं. अंगावरचा पांढरा रंग कोपऱ्यांना उडाला आहे, पाट्यावरचं रबर एका बाजूने उचललं गेलं आहे. पण दांडी अजून शाबूत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तिच्यावरच संशय घेतला गेला.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, कानशीने घासलं, रंग दिला, आणि मग एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्यावर सरकारी शिक्क्याची अचूक वजनं ठेवून मला बोलायला शिकवलं. दांडी वर गेली की ओरडायचा, खाली गेली की ओरडायचा. मधोमध थरथरत थांबली तेव्हा कुठे गप्प बसला. तोच माझा गुरू आणि तेवढीच माझी शाळा.

दवाखान्यात आलो तेव्हा माझा थाट होता. थोरल्या डॉक्टरीणबाई, म्हणजे आताच्या डॉक्टरबाईंच्या आई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "काटा असावा तर असा." पण खरं सांगू का, पाट्यावर उभं राहणाऱ्यांनी माझं कधी कौतुक केलं नाही. सगळ्या जगाने माझ्यावर पाय द्यायचे आणि वर मलाच नावं ठेवायची! चपला काढतात, पर्स ठेवतात, घड्याळ उतरवतात. एकीने तर हातातला रुमालही बाजूला ठेवला होता. काही जणी श्वास रोखून धरतात. श्वासाने दांडी फसत नाही हो, पण त्यांच्या मनाला बरं वाटतं, तर मी कशाला बोलू?

आणि आमच्या दवाखान्याची एक वाईट खोड होती. वजन सिस्टर करायच्या आणि आकडा उघड्या दारातून आत डॉक्टरबाईंना ओरडून सांगायच्या. बाकावरच्या सगळ्या बायका तो ऐकायच्या. पाट्यावर उभ्या असलेल्या बाईचे कान लाल झालेले मला पाठमोरे दिसायचे.

अशा वेळी एक दिवस पार्सलताई आली. नाव तिला सिस्टरनी दिलेलं, कारण ती पोस्टात पार्सलच्या खिडकीवर कामाला होती. दिवसभर लोकांची खोकी तोलायची, शिक्के मारायची आणि दुपारी उशिरा आमच्याकडे यायची. पहिल्या दिवशी ती माझ्यावर चढली ती चपला घालूनच. मग स्वतःच हसून उतरली. म्हणाली, "आम्ही खोक्यासकट तोलतो ना, सवय आहे." मला ती तिथल्या तिथे आवडली.

तिला मूल हवं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवऱ्याची तपासणी झाली, ती बरी निघाली. हिची पाळी मात्र महिनोन्‌महिने यायचीच नाही. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "तुम्हाला पीसीओएस आहे." मित्रांनो, मोठ्यांना हे ठाऊक असेल, लहानांनी आईला विचारावं. बाईच्या पोटात स्त्रीबीजं असतात. दर महिन्याला त्यातलं एक मोठं होऊन बाहेर पडावं लागतं. या त्रासात ती बरीचशी अर्ध्या वाटेतच वाढायची थांबतात. बीजच बाहेर पडलं नाही तर बाळ कुठून येणार? यात तिची काही चूक नसते. उंची किंवा डोळ्यांचा रंग असावा तसं ते शरीरात असतं.

डॉक्टरबाईंनी एक गोळी दिली. ताई दचकली. "ही तर साखरेच्या आजाराची गोळी आहे. मला कुठे साखर आहे?" डॉक्टरबाईंनी समजावलं, की ही गोळी या त्रासातही उपयोगी पडते. रोज चाला, वेळेवर झोपा, थोडं वजन उतरलं तरी पाळी जाग्यावर यायला मदत होते. तेवढ्याने नाहीच झालं, तर बीज वाढायच्या गोळ्या आहेत. त्याही पुढचे उपाय आहेत. घाबरू नका.

ताई कामावरून चालत घरी जाऊ लागली. पहिल्या दोन-तीन खेपांना माझं छोटं वजन डावीकडे सरकलं. तिसऱ्या खेपेला तर सिस्टरनी आकडा ओरडला तो जिंकल्यासारखा. पाळीही एकदा आपणहून आली. मला वाटलं, गाडं आता मार्गाला लागलं.

आणि मग ते उलटं सरकायला लागलं. एका खेपेला थोडं, पुढच्या खेपेला बरंच. पाळी पुन्हा गायब झाली.

"खाण्यावर लक्ष आहे ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आहे, डॉक्टर. मी जास्त काही खात नाही हो."

"मग हे हवेने वाढतं का?"

बाकावरच्या दोघी हसल्या. डॉक्टरबाई मनाने वाईट नाहीत. सकाळपासून तीसेक बायका तपासून त्या थकलेल्या होत्या आणि प्रत्येक बाई "मी काही खात नाही" असंच म्हणत असते. तरीही मला त्यांचा राग आला. राग येऊन करतो काय? मला बोलता येतं ते किलोत.

पुढच्या खेपेला ताईने दुपारचं जेवणच सोडलेलं होतं. पाट्यावर उभी राहिली तर दांडी स्थिर होईना. स्थिर झाली तेव्हा आकडा आणखी वर. सिस्टरनी तो ओरडला. आतून उत्तर आलं, "त्यांना सांगा, गोळ्या मी देईन, पण तोंड त्यांनाच बंद ठेवावं लागेल."

त्या दिवशी सोबत सासूबाई आल्या होत्या. त्या बाकावर शेजारणीला हळूच सांगत होत्या, "वजनाचं काय घेऊन बसलात? सूनबाईचे गाल बघा कसे वर आलेत. अंग धरतंय पोरीचं. आता पाळणा हलायला वेळ नाही." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला काहीच उमगेना. एकाच बाईकडे बघून आतली बाई चिडत होती आणि बाहेरची हरखत होती.

नंतरच्या आठवड्यात ताई आली ती खांदा वाकवून टाकणारी पिशवी घेऊन. नंबर येईपर्यंतही ती थांबली नाही. पिशवीतून तिने पितळेची दोन जाडजूड वजनं काढली आणि माझ्या पाट्यावर ठेवली.

"हे काय चाललंय?" सिस्टर धावत आल्या.

"पोस्टातली शिक्क्याची वजनं आहेत. साहेबांना विचारून आणलीत, संध्याकाळी परत द्यायची आहेत. सरकवा दांडीवरची वजनं."

सिस्टरनी सरकवली. दांडी वर गेली, खाली आली, थरथरली आणि मधोमध थांबली. मला माझा चष्मेवाला गुरू आठवला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी परीक्षा घेत होतं आणि मी पैकीच्या पैकी पास झालो होतो!

गडबड ऐकून डॉक्टरबाई दारात आल्या. ताई त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"काटा बरोबर आहे, डॉक्टर. मला वाटलं होतं तो बिघडलाय, पण नाही. तो खोटं बोलत नाही आणि मीही बोलत नाहीये. मग मधे काय आहे, ते तुम्ही शोधा."

बाकावर आता कुणीच हसलं नाही. डॉक्टरबाई दारातून पुढे आल्या. मग म्हणाल्या, "या. इथेच बसा." आणि स्वतः तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. रक्तदाब पाहायला दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब वाढलेला होता आणि पट्टा सोडला तर त्याच्याखाली निळसर डाग उमटला. सिस्टर वाकून बघत म्हणाल्या, "ताई, अजून काही घेता का? काढा, चूर्ण, असलं काही?"

"नाही, औषध काही नाही. सासूबाई एक पूड देतात, तेवढीच. दुधातून, दोन वेळा."

"अहो, मग हे सांगितलं का नाही?"

"तुम्ही औषधं विचारलीत. ते औषध थोडंच आहे? ते घरचं आहे."

घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार महिने सगळे तिच्या ताटात शोधत होते आणि उत्तर दुधाच्या पेल्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डबा घेऊन आल्या. पत्र्याचा गोल डबा, ना त्यावर नाव, ना आत काय आहे त्याचा उल्लेख. बाजारात एक माणूस खात्रीने मूल होणारी पूड विकायचा, त्याच्याकडून आणलेला. डॉक्टरबाईंनी पूड तपासायला पाठवली आणि ताईचं रक्तही. अहवाल आला त्या दिवशी दोघी बाकावर होत्या. झाडपाल्याच्या पुडीत कुणीतरी स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. त्यानेच चेहरा सुजून गोल झाला होता, साध्या पट्ट्याने डाग उठत होता, जेवण सोडूनही वजन चढत होतं, पाळी रुसली होती. सासूबाईंना जे तेज वाटत होतं, ती सूज होती.

"मी हिच्या भल्यासाठीच दिलं हो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "पोर जेवण सोडून उपाशी राहायची, तरी मी दूध हातात द्यायचे. डॉक्टर रागावल्या की घरी येऊन रडायची. मी डब्यावर विश्वास ठेवला, सूनबाई, तुझ्यावर ठेवला नाही."

ताई त्यांच्याजवळ सरकली. तिने सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, पुरे आता. लोक बघतायत." पण तिचेही डोळे वाहत होते.

"एकट्या तुम्हीच नाही," डॉक्टरबाई सासूबाईंना म्हणाल्या, "मीही हिला खोटं ठरवलंच की." मग त्यांनी दोघींना समजावलं. अशी पूड एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीर स्वतःचं काम विसरलेलं असतं. म्हणून मोजलेल्या गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करायच्या. "झाडपाल्याच्या औषधाशी माझं भांडण नाही. पण शिकलेल्या वैद्याकडून घ्या, काय आहे ते लिहून घ्या आणि मला दाखवा. आणि काहीही घेत असाल, चिमूटभर का असेना, मला सांगा. मी रागावणार नाही."

त्या दिवसापासून आमच्याकडे आकडा ओरडायचं बंद झालं. सिस्टर तो चिठ्ठीवर लिहून आत नेतात.

पुढची वाट सोपी नव्हती. सूज उतरायला कितीतरी महिने गेले. दुधाने तोंड पोळलेली ताई आता साधी गोळीही उलटसुलट करून वाचायची. बीज वाढायच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा बीज वाढलंच नाही. पुढच्या महिन्यात वाढलं, पण दिवस राहिले नाहीत. त्या संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन खांबाला धरून नुसती उभी राहिली, पाट्यावर चढलीच नाही. सिस्टरनीही आग्रह केला नाही. मला फार वाईट वाटलं. मला हात असते तर मी तिला धरलं असतं.

मग काही खेपा ती माझ्याकडे न येता थेट आत जायची आणि दार लोटलेलं असायचं. मला कुणी काही सांगितलं नाही. काट्याला कोण सांगतं?

अखेर एका दुपारी डॉक्टरबाई स्वतः तिला घेऊन बाहेर आल्या. ताई पाट्यावर चढली. डॉक्टरबाईंनी छोटं वजन हळूहळू उजवीकडे नेलं, थांबल्या, आणखी थोडं नेलं. दांडी मधोमध आली.

"वाढलंय," त्या म्हणाल्या.

ताईचा चेहरा पांढरा पडला. "खरंच, डॉक्टर, मी जास्त काही खात नाही हो," ती घाईघाईने म्हणाली. "आईंना विचारा हवं तर."

डॉक्टरबाईंनी माझी दांडी सोडून तिचे दोन्ही हात धरले. मग म्हणाल्या, "अगं वेडे, पाचवा महिना आहे तुझा. वाढणारच. वाढायलाच हवं. खा तू, पोटभर खा."

तेव्हा कुठे ताईला आठवलं. ती हसली आणि माझ्यावर उभ्या-उभ्याच ढसाढसा रडली. दांडी किती तरी वेळ हलत राहिली.

मित्रांनो, आता दवाखान्यात नवा काटा यायचा आहे म्हणे, आकडा पेटवून दाखवणारा. येऊ दे बापडा. माझं रबर चिकटवा, दांडीला तेल द्या, असंही मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. बाळ पोटात असतानाही त्या माउलीने आधी सफाई दिली, इतकं आपण तिला घाबरवून ठेवलं होतं. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणाचं अंग वाढलेलं दिसलं, तर हसू नका आणि उपदेशही करू नका. आधी तिच्याजवळ बसा, तिला विचारा, आणि ती जे सांगेल ते खरं माना.