रबरी लाठी

"लाठी अशी नाही धरत, तंबी," असं धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणत सुडलैमुत्तूंनी सिनेमाच्या नायकाच्या हातातली रबरी लाठी काढून घेतली. "अशी धरली तर मारणाऱ्याचंच मनगट दुखतं."

सगळे हसले. खाकी वर्दीतला आदिरनसुद्धा हसला. ज्याच्या कटआउटवर पोरं दुधाच्या पिशव्या ओततात, तो नट आपल्या बोलण्यावर हसतोय म्हटल्यावर सुडलैमुत्तूंची छाती फुगली.

कोविलपट्टीबाहेरच्या बंद पडलेल्या काडेपेटीच्या कारखान्यात शूटिंगसाठी पोलीस ठाणं उभं केलं होतं. निवृत्त सब-इन्स्पेक्टर म्हणून सुडलैमुत्तूंना सल्लागार नेमलं होतं. आजवर त्यांनी सलाम कसा ठोकायचा, टोपी कुठवर ओढायची एवढंच सांगितलं होतं. आज कोठडीतला प्रसंग होता, आणि नेमकी आजच त्यांची बायको वडिवु शेजारच्या इसक्कियम्माळला घेऊन शूटिंग बघायला आली होती. कॅमेऱ्यामागच्या खुर्च्यांवर दोघी अवघडून बसल्या होत्या.

दिग्दर्शक जवळ येऊन अदबीने म्हणाला, "अय्या, हाणामारी फाइट मास्टर बघतील. मला खरं हवंय. आत, दार लावल्यावर काय व्हायचं?"

सुडलैमुत्तूंची नजर खुर्च्यांकडे गेली. "मी लिहिण्याच्या टेबलावर असायचो. मला काय माहीत?"

वडिवुने मान डोलावली. नवरा ठाण्यात नुसती लिखापढी करतो, त्याने कुणाच्या अंगाला कधी बोट लावलं नाही, हे तिने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. पोलिसाची बायको म्हणून नळावर कुणी टोमणा मारला, तरी ती हेच सांगायची.

"करून दाखवा ना अय्या," आदिरन म्हणाला. "मी अगदी तुमच्यासारखं करीन. पिक्चर चालला तर तुमच्यामुळे."

एवढ्या लोकांदेखत तो असं म्हणाला. सुडलैमुत्तूंनी बाह्या सरसावल्या.

आरोपीचं काम करणारा कदिरेसन मदुरैकडचा, तेरुकूत्तूच्या, म्हणजे रस्त्यावरच्या लोकनाट्याच्या, खेळात नाचणारा किडकिडीत पोरगा होता. सुडलैमुत्तूंनी त्याला भिंतीला टेकवून खाली बसवलं, पाय लांब करायला लावले. मग एका बुटाने त्याचे दोन्ही घोटे जमिनीला दाबून धरले आणि लाठीचं टोक तळव्यांवर नुसतं ठेवलं. मारलं नाही. वाकून, कानाशी, घरच्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले,

"आईला बोलावून घेऊ? तिच्यासमोर बसू या का असंच?"

कदिरेसनच्या तोंडून आवाज निघाला. तो संहितेत नव्हता. सुडलैमुत्तूंनी लाठी उचलली. एकदा, पुन्हा एकदा. रबर होतं, लागलं नसतं. पण घोट्यांवरचा बूट खरा होता आणि तो दाबतच राहिला. त्यांना कुणी थांबवलं नाही. कदिरेसनने त्यांची पोटरी धरली, "अय्या, पाय... खरंच दुखतोय," तेव्हा ते भानावर आले.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या, आणि पाठोपाठ सगळ्यांनीच.

इसक्कियम्माळचा तोंडाला लावलेला हात तसाच होता. वडिवु खाली जमिनीकडे बघत होती.

नंतर दुपार कलेपर्यंत तोच प्रसंग चित्रित होत राहिला. दर खेपेला दिग्दर्शक ओरडायचा, "अय्यांसारखं, आदिरन! आवाज अजून हळू!" आणि दर खेपेला सुडलैमुत्तूंना आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. त्यांनी चहा मागितला. आणणाऱ्याने तो हातात न देता बाजूच्या पेटीवर ठेवला, आणि अदबीने मागे सरकला.

परतताना गाडीत इसक्कियम्माळला गप्प बसवेना. "काय हो अण्णा, तुम्ही तर पक्के नट निघालात! मला बाई खरंच वाटलं."

"हं," सुडलैमुत्तू म्हणाले.

वडिवु खिडकीतून पवनचक्क्या बघत होती.

घरी आल्यावर तिने केळीचं पान मांडलं, भात वाढला, रसम ओतलं. तिचं काही चुकलं नाही, काही आपटलं नाही. त्यामुळेच त्यांना घास उतरेना.

"ऐकून ऐकून माहीत होतं गं," शेवटी तेच म्हणाले. "बाकीचे करायचे. मी टेबलावरून बघायचो."

"बघून पाय एवढा नेमका पडतो?"

ते भात चिवडत राहिले.

"आणि त्यांच्या आया," ती म्हणाली, "खरंच यायच्या?"

सुडलैमुत्तूंनी पान मिटलं. ते परसात जाऊन हात धूत राहिले. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत ते नळाशीच उभे होते.

सकाळी गाडी आली तेव्हा ते पांघरूण ओढून पडले होते. "सांग, ताप आहे म्हणावं. आता येणार नाहीत ते."

वडिवु दारात गेली. "थांबा हं," तिने ड्रायव्हरला सांगितलं. "आंघोळ करून येतायत."

ती आत आली आणि तिने त्यांच्या उशाशी डबा ठेवला. चिंचेच्या भाताचा वास येत होता.

"मला नको आहे, वडिवु."

"तुमच्यासाठी नाही. त्या पोराला द्या. गाडीवाल्याच्या हाती पाठवू नका, स्वतः द्या."

कदिरेसन कारखान्याच्या पायरीवर घोट्याला तेल चोळत बसला होता. सुडलैमुत्तूंना बघून तो हसला, झटकन उठू लागला.

"बस, बस. बायकोने दिलंय," म्हणून त्यांनी डबा पुढे केला.

"अम्मांनी? माझ्यासाठी?" पोराचा चेहरा खुलला. त्याने हात पुढे केले. पण सुडलैमुत्तू डबा त्याच्या हातात द्यायला वाकले, आणि त्याने दोन्ही पाय पटकन पोटाशी ओढून घेतले.

"माफ करा अय्या," तो ओशाळून म्हणाला. "कालचं अजून अंगातून गेलं नाही."

 सुडलैमुत्तूंनी डबा पायरीवर ठेवला, आणि ते मागे सरकून उभे राहिले, त्याचे पाय पुन्हा खाली येईपर्यंत.