१३९६ चा पुरावा

गुरुनाथांनी 'परिणाम' या शब्दाखाली पट्टीने रेघ मारली आणि वही नातीकडे सरकवली. शर्वाणीने ती पुढूनमागून पाहिली. कारणे पाच, स्वरूप चार मुद्द्यांत, परिणाम सहा, सगळं त्यांच्या टपोऱ्या इंग्रजीत. दहा वर्षांच्या पोरीने विचारलं होतं एवढंसं, आणि आजोबांनी अख्खी उत्तरपत्रिका लिहून दिली. बार्शीच्या शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाकडून दुसरं काय होणार?

आयर्लंडमधल्या या गॉलवे शहराला राजाची सनद मिळाली ती १३९६ साली. त्या एका वर्षाची भिंत शर्वाणीच्या शाळेत सजवायची होती. त्या साली आपली माणसं कुठे होती, काय करत होती, हे घरातल्या मोठ्यांना विचारून प्रत्येकाने एक कार्ड लिहायचं. वर्गात पोलंडची मुलं होती, ब्राझीलची होती, आणि ही एक बार्शीची, म्हणजे तिची आई उर्मिला बार्शीची. उर्मिला इथे स्टेंट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती.

गुरुनाथांना घबाडच सापडलं. तेराशे शहाण्णव म्हणजे दुर्गादेवीच्या दुष्काळाची सुरुवात. बारा वर्षं चालला म्हणतात. गावंच्या गावं ओस पडली. पुस्तकात त्याला जेमतेम अर्धी ओळ, पण गुरुनाथ सर त्या अर्ध्या ओळीवर अख्खा तास घालवायचे. शिवाय ते लेकीकडे आल्यापासूनच्या सहा महिन्यांत नात त्यांच्याकडे काही विचारायला आली ती पहिल्यांदाच. रविवारी त्यांचं विमान होतं. एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा येणं होईल असं त्यांना वाटत नव्हतं, उर्मिलाला मात्र त्यांनी ते सांगितलं नव्हतं. जाण्याआधी या पोरीपाशी आपलं काहीतरी राहावं, एवढा एकच हट्ट मनात होता.

शर्वाणीने वही मिटली.

"बट व्हॉट अबाउट अस, आजोबा? वेअर वर वी?"

गुरुनाथांनी चष्मा काढून पुसला. घराण्याची माहिती त्यांच्या पणजोबांशी येऊन थांबत होती. त्यामागे ना कागद, ना शिलालेख, ना एखादं नाव.

"आपली कुठं नोंद नाही बाळा," ते म्हणाले. "आणि पुरावा नसला की लिहायचं नाही."

"ओके. इट्स ग्रँड," ती म्हणाली आणि वही तिथेच ठेवून जिना चढून गेली.

इथली माणसं बरं वाटलं तरी 'ग्रँड' म्हणतात आणि वाईट वाटलं तरी, हे आतापर्यंत त्यांना कळलं होतं. हे कुठलं ते सांगायला कुणाची गरज नव्हती. उर्मिलाने जेवताना हळूच सुनावलंच, की तिला मार्क नको होते बाबा, घरातलं काहीतरी हवं होतं. पुढचे दोन दिवस गुरुनाथ कालव्याकाठी एकटेच फिरले. एखादा घोडेस्वार पूर्वज रचून सांगितला असता तर पोर खूश झाली असती. पण खोटा इतिहास सांगणं त्यांच्या जिवावर येत होतं, आणि नातीला नाराज करून परत जाणं त्याहून जास्त.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची गर्दी झाली होती. सनदेचं कार्ड मधोमध, लाल फीत लावून. गुरुनाथ एकेक कार्ड वाचत पुढे सरकत होते. शर्वाणीचं त्यांना खिडकीपाशी सापडलं. कोरडी विहीर, आणि कडेवर मूल घेऊन चाललेली बाई. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की या वर्षी पाऊस पडला नाही, खूप माणसं मेली. आमची एक आजी तेव्हा होती. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. तिने तिचं बाळ जगवलं.

त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. नाव नाही, गाव नाही, कशाला आधार नाही. मग कार्डाच्या तळाशी छापलेला प्रश्न दिसला: हे तुम्हाला कशावरून कळलं? इतर मुलांनी तिथे पुस्तकांची नि वेबसाइटची नावं दिली होती. शर्वाणीने लिहिलं होतं, 'बिकॉज माय आजोबा इज हिअर.' त्यातलं 'आजोबा' तेवढं मराठीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत.

गुरुनाथांना ते दोनदा वाचावं लागलं. वर्षानुवर्षं त्यांनी मुलांना त्या दुष्काळात मेलेल्यांचं सांगितलं होतं. जगलेल्यांची आठवण त्यांना एकदाही झाली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आणि भर हॉलमध्ये ते लपवायला जागाही नव्हती.

तेवढ्यात शर्वाणी गर्दीतून वाट काढत आली. तिने त्यांची बाही धरून त्यांना कार्डाच्या शेजारी नेलं, जरा डावीकडे सरकवलं, दोन पावलं मागे जाऊन नीट पाहिलं.

"इथेच उभे राहा, आजोबा," ती मराठीत म्हणाली. "लोक बघतील."

उर्मिलाने खुर्ची आणली. गुरुनाथांनी मानेनेच नको म्हटलं, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि हॉल रिकामा होईपर्यंत ते तिथे ताठ उभे राहिले.