दाजींच्या हातात झाडू

“दाजी, आजच्या दिवस हा धरा,” असं म्हणत मुकादमाने झाडू पुढे केला आणि दुसऱ्या हाताने दाजींच्या कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडवून घेतला. पट्टा सोडवताना तो त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

“आणि बाईंनी विचारलं तर?”

“मदतनीस. केर काढतो, सामान उचलतो. एवढंच बोला. जास्त शहाणपणा नको.”

“मी कधी केला?”

“तुम्ही नाही हो. तुमचं तोंड करतं.”

मुकादम म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून सगळी टोळी दाजी म्हणू लागली, मग क्रेनवाला, मग गेटवरचा पहारेकरीसुद्धा. एवढ्या मोठ्या इमारतीचे ते जावई झाले होते. जावयाचा मान तेवढा अजून कुणी देऊ केला नव्हता.

इमारत डेटा सेंटरची. खिडकी म्हणून नाही, नुसती काळ्या रिकाम्या कपाटांची रांग आणि जमिनीवर मनगटाएवढ्या जाड केबल. या कपाटांत जगभरातल्या लोकांचे फोटो राहणार आहेत, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले होते, “आणि भाडंही नाही. नशीब काढलं फोटोंनी.”

त्या केबल सोलायच्या, आतलं तांबं साफ करायचं आणि टोकं अशी जोडायची की पुढे कधी ठिणगी पडू नये, हे दाजींचं काम. ते करणाऱ्याला जॉइंटर म्हणतात आणि त्याला मदतनिसाच्या दुप्पट मजुरी द्यावी असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण मालकाच्या खाली कंत्राटदार, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली मुकादम, आणि जो तो खाली देताना आपला घास काढून घेतो. शेवटच्या ताटात मदतनिसापुरतंच उरतं. म्हणून कागदावर या टोळीचा जॉइंटर होता कंत्राटदाराचा भाचा. तो पगाराच्या दिवशी न चुकता यायचा. आज कामगार खात्याच्या बाई तपासणीला येणार असल्यामुळे तोही आला होता, नवाकोरा पट्टा बांधून.

दाजी पन्नाशी ओलांडलेले. दुसरीकडे काम मागायला गेलं की पहिला प्रश्न एकच, आधी काय करत होतात? कागद म्हणायचा मदतनीस. खात्याने एकदा जॉइंटर म्हणून नोंद केली असती तर स्वतःच्या नावावर काम मिळालं असतं आणि त्या मजुरीत स्वतःची खोली परवडली असती. सध्या दोघं नवरा-बायको मेहुण्याच्या घरात, मागच्या खोलीत राहत होती.

“तुमचं खरं आहे,” बायको सकाळी म्हणाली होती. आवाज हळू, कारण भिंतीपलीकडे भावजय होती. “पण खरं बोलून राहायचं कुठे?”

“खोली घेऊ.”

“आधी घ्या, मग बोला.”

बोलल्याशिवाय खोली नाही आणि खोली असल्याशिवाय बोलता येत नाही. दाजींनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि निघाले.

आता मुकादम जवळ सरकून कुजबुजला, “मला काय हौस आहे का, दाजी? वरच्याने बजावलंय. जॉइंटर म्हणून दुसरं एक जरी नाव निघालं तरी उद्यापासून आपली टोळी बंद. एक शब्द इकडचा तिकडे झाला की सगळं मुसळ केरात.”

“केर मीच काढतोय,” दाजी म्हणाले. “सापडलं तर आणून देईन.”

मुकादम हसला नाही.

बाई आल्या. साधा शर्ट, धुळीने पांढरे झालेले बूट. त्यांनी भाच्याला चार प्रश्न विचारले, मग दाजींखेरीज बाकी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. एकटे दाजी आत केर काढत राहिले. बाई काही वेळ नुसत्याच त्यांच्याकडे बघत होत्या.

“काका, काय काम करता?”

“मदतनीस, मॅडम. केर काढतो.”

“इथून आत्ता सगळे बाहेर गेले ना, ते या केबलवरून सरळ चालत गेले. तुमचा जॉइंटरसुद्धा. तुम्ही एकेक केबल ओलांडताय. लक्ष केराकडे, पण पाय बरोबर पलीकडे पडतोय.”

दाजींनी खाली पाहिलं. शिकाऊ असताना उस्तादाने घोट्यावर पट्टी मारून लावलेली ती सवय होती. बुटाखालचा खडा केबलच्या सालीत रुततो आणि ती जखम कित्येक वर्षांनी बाहेर येते. मुकादमाने पट्टा काढून घेतला होता, पण पायांचा विचार त्याला सुचला नव्हता. दाजींनाही नव्हता सुचला.

“माझे वडील टेलिफोनच्या तारा ओढायचे,” बाई म्हणाल्या. “घरात इस्त्रीच्या वायरवर पाय पडला तरी ओरडायचे. मी जॉइंटर लिहिते, काका. मजुरीतला मागचा फरकही मिळेल. फक्त तुमच्या तोंडून एकदा यायला हवं. माझ्या नुसत्या बघण्याला किंमत नाही.”

शब्द घशापर्यंत आला होता. दाराच्या काचेतून मुकादम दिसत होता, दाजींचा पट्टा छातीशी धरून उभा. त्याच्या मागे टोळीतली माणसं जमिनीकडे बघत बसलेली. दाजींना मेहुण्याचा राग आला आणि कीवही आली. मग त्यांना बायको आठवली. ती पूर्वी किती मोठ्याने बोलायची, शेजारचे नावं ठेवायचे. आता ती हसतेसुद्धा हळू. ते आठवून त्यांना फार वाईट वाटलं.

“काका?”

“तसं काही नाही, मॅडम. एकेकाची चालायची तऱ्हा असते.”

असं म्हणून त्यांनी उजवा पाय उचलला आणि समोरच्या केबलवर ठेवला. टाचेसकट, पूर्ण भार देऊन. ही केबल त्यांनी कालच जोडली होती. बुटाखाली काहीतरी बारीक कचकन वाजलं. त्यांनी पाय हलवला नाही.

बाई त्या बुटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

दाराकडे जायच्या वाटेवर तीच केबल आडवी होती. बाई तिच्यापाशी थांबल्या, खाली पाहिलं, पाय उचलला आणि ती ओलांडून गेल्या. दार लागेपर्यंत दाजी केबलवर पाय देऊन उभे होते.